शिधावहीतली नोंद

एकेचाळीस दिवस झाले,
डोंगर अजून दिसलेला नाही.

आहे म्हणतात.
जेवणघराच्या खिडकीतून ईशान्येला,
जिथे एक राखाडी संपून
दुसरं राखाडी सुरू होतं, तिथे.
दुरून डोंगर साजरे म्हणावं
तर हा दुरूनही नाही.

आम्ही अठरा जण या बेटावर.
हवामानवाले, रेडिओवाले, दोन मेकॅनिक, एक नर्स
आणि भटारखान्यात मी, तुरिद.
विमान दीड-दोन महिन्यांनी येतं, आलं तर.
काळ्या वाळूवर सैबेरियाच्या नद्यांनी
सोडून दिलेले ओंडके,
आणि देवमासे मारायला आलेल्या कुणाचा तरी
एक क्रूस. नाव वाऱ्यानं खाल्लेलं.

ऑडवारचा मामा सत्तर साली इथे होता.
बर्फ आतून फाटला,
किनाऱ्याशी समुद्र वाफाळला,
सगळ्यांना विमानानं उचललं, ताटं वाढलेली तशीच.
महिन्यांनी परत आल्यावर मामानं आधी काय केलं,
तर टेबलावर पालथे पडलेले आपले पत्ते उलटून पाहिले.
हुकुमाची राणी होती.
"डाव आपलाच होता," मामा मरेपर्यंत सांगायचा.

कोपऱ्यातल्या पडद्यावर एक रेघ चालते रात्रंदिवस.
ओशिल्ड जाता-येता बघते, म्हणते,
"घोरतोय."
एखाद्या दिवशी काहीच म्हणत नाही.
त्या दिवशी मी भाकरीचं पीठ
जरा जास्तच मळते.

दूध तापत असलं की मी पातेल्यापासून हलत नाही.
भुकटीचं दूध, पण साय धरतं,
पातळ, सुरकुतलेली, गप्प.
बघत राहा, काही होत नाही.
मीठ घ्यायला वळा.

आणि मग परवा, रात्री तीनला,
म्हणजे उन्हात,
सिग्वे माझीच कढई बडवत धावला ओळीनं सगळ्या दारांवरून.
कुणी पायजम्यात, कुणी एकच बूट घालून,
नर्स ब्लँकेटसकट.

मला दिसेना.
मी टेकड्यांच्या मागे शोधत होते,
डोंगर जिथे असावेत तिथे.
सिग्वेनं माझी हनुवटी धरली आणि वर केली,
आणखी वर,
"तिथे नाही गं. इथे."

आभाळाची जागा त्यानं घेतली होती.

पांढरा म्हणतात, पण पांढरा कुठे?
उजवीकडे लोण्यासारखा पिवळट,
भेगांमधून मोरचुदासारखा निळा,
आणि हिमनद्या थेट समुद्रापर्यंत
घाई नसलेल्या.
माथ्यावर चिमूटभर काहीतरी हलत होतं.
वाफ, म्हणाली ओशिल्ड.
ढग, म्हणाला सिग्वे.
दोघं हळू आवाजात भांडले,
झोपलेल्या माणसाच्या खोलीत भांडतात तसे.

मी काही बोलले नाही.
मला त्याची लाज वाटली, खरं सांगायचं तर.
एकेचाळीस दिवस मी याच्यासमोर
गाजरं सोलत होते,
स्वतःशी बडबडत, नाक शिंकरत,
कुणी नाहीये असं समजून.

मग डावीकडून धुकं आलं
आणि आम्ही पुन्हा अठरा जण झालो,
थंडीनं कुडकुडणारे.

सतराच होतो खरं तर. ऑडवार आला नव्हता.
"मला काय नवीन," म्हणाला न्याहारीला.
पण त्याच्या गालावर अर्धी दाढी होती,
आणि मोरीची खिडकी ईशान्येला उघडते.

केंद्राच्या नोंदवहीत रकाने आहेत
वारा, दाब, तापमान, ढगांची उंची यांचे.
डोंगराला रकाना नाही.
म्हणून मी शिधावहीत लिहिलं, बटाट्यांच्या खाली:

बटाटे, चाळीस किलो.
यीस्ट, संपत आलं.
डोंगर, एक.
वीस मिनिटं.

मग पातेल्याची आठवण आली.
दूध शेगडीभर झालं होतं.